फाटकासमोरची फरशी

३ मार्च, सकाळी
नगरपालिकेची पुस्तिका आली: घरमालकांची कर्तव्ये. आमच्या गल्लीत कोणी उघडूनही बघणार नाही. मी मात्र अक्षरन् अक्षर वाचणार. घर घेणं वेगळं, घरमालक होणं वेगळं. (वाक्य छान जमलंय. कुठेतरी वापरायला हवं.) रोज जेवणानंतर दोन पानं.
बायको म्हणाली, वाचा, पण आधी फाटकासमोरची फरशी बसवून घ्या, डगडगतेय. म्हटलं, फुटपाथ आपला नाही. सार्वजनिक मालमत्तेला हात लावणं हाच गुन्हा ठरायचा. आधी नियम, मग काम.

९ मार्च
पान एक झालं. मुखपृष्ठ धरून.

१४ मार्च, संध्याकाळी
वाईट झालं. शेजारच्या शिवणबाई आमच्या फाटकासमोर पडल्या. शाळेत शिवण शिकवायच्या, रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी सगळे शिवणबाईच म्हणतात. एकट्याच राहतात. डावं मनगट मोडलं. मीच गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. प्लास्टर.
वाटेत बाई सारख्या म्हणत होत्या, डोळेच गेले हो माझे, पायाखालची फरशी दिसू नये? मी म्हणालो, वय झालं की व्हायचंच.
असं का म्हणालो? धीर द्यायला. अर्थात धीर द्यायलाच.

१५ मार्च
ऑफिसला जाताना फरशीवर एक पाय ठेवून बघितला. पलीकडचं टोक टुणकन वर आलं. इकडेतिकडे पाहिलं, पाय काढला.
दुपारी नगरपालिकेत फोन. म्हटलं, समजा एखाद्याच्या घरासमोर एखादी फरशी सैल असेल, तर कोणाची? फोनवरच्या बाई म्हणाल्या, फाटकापासून रस्त्याच्या कडेपर्यंत घरमालकाची. पुस्तिकेत पान तीनवरच आहे, वाचलं नाहीत का? नाव-पत्ता सांगा.
फोन कट झाला. म्हणजे, मी केला.

१६ मार्च
शांतपणे विचार केला. आत्ता फरशी बसवली तर ती सरळसरळ कबुली होईल. बाईंना वाटेल, शेजाऱ्यामुळे पडले. या वयात माणसांवरचा विश्वास उडणं बरं नव्हे. तेव्हा त्यांच्याच भल्यासाठी फरशी तूर्त तशीच. वर एक मोठी कुंडी ठेवली. बायकोने विचारलं, हे काय? म्हटलं, सुशोभीकरण. तिने नुसतं बघितलं. ते बघणं अजून पाठीत रुततंय.

१७ मार्च
पान सात (मधली पानं नंतर): फुटपाथवर कुंड्या ठेवू नयेत. कुंडी आत घेतली.

२० मार्च
बाईंना रोज सूप नेऊन देतो. स्वतः करतो. आज म्हणाल्या, भाऊ, सख्खं कोणी करणार नाही इतकं करताय. क्षणभर बरं वाटलं. मग घरी येऊन उरलेलं सूप सिंकमध्ये ओतलं.

२४ मार्च
बाईंनी शिवणयंत्रावर चादर घातली. हात बरा झाला तरी आता शिवणार नाही म्हणतात. भरवसाच राहिला नाही. फिरायला जाणंही बंद, दिवसभर खिडकीत बसून असतात. खिडकीतून आमचं फाटक दिसतं. मी हल्ली मागच्या दाराने जातो-येतो. चालणं जास्त होतं, तब्येतीला चांगलं.

२८ मार्च
नामी युक्ती सुचली! बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. डोळे अधू निघाले तर प्रश्न मिटला. चांगले निघाले तर त्यांची काळजी मिटली. दोन्हीकडून सुटका. मला हे आधी कसं सुचलं नाही?

३० मार्च
डॉक्टर म्हणाले, उत्तम डोळे. या वयात सुई ओवता येते, अजून काय हवं?
मी सुटकेचा निःश्वास सोडला. गाडीत बाई मात्र हळूच म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलंय. चालता चालता भान जातं माझं.
मी रेडिओ लावला.

५ एप्रिल
बाईंचा मुलगा आला. आईला आपल्या गावी नेणार, घर विकणार. बाई हो म्हणाल्या. आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही त्या बाईंनी, आणि आता मुलाने विचारायच्या आत हो.
बायकोने रात्रीचं ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, तुम्ही सांगताय की मी जाऊ? म्हटलं, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, खोकी भरायला घेतलीत त्यांनी.

६ एप्रिल
गेलो. घरभर खोकी. मुलगा कपाट रिकामं करत होता. मी मनात भाषण तयार करून गेलो होतो, त्यात नगरपालिकेची ढिलाई वगैरे सगळं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, बाई, तुमच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही. आमची फरशी सैल आहे.
मला वाटलं बाई रडतील, किंवा म्हणतील, जाऊ द्या भाऊ. तशी माझी तयारीही होती.
त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणालो, पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. (बायकोने आधीच सांगितलं होतं, ते धरलं नाही.)
म्हणाल्या, म्हणजे डॉक्टरकडे नेलंत तेव्हा माहीत होतं. मी डोक्याचं बोलले तेव्हाही.
मुलाकडे वळून म्हणाल्या, खोकी उघड, मी कुठे जात नाही. मग उजव्या हाताने सूपचा डबा माझ्या हातात दिला. घासूनपुसून ठेवला होता.

८ एप्रिल
गवंडी आला. त्याने फरशी उचलली, खाली सिमेंटचा माल टाकला, फरशी बसवली, वर उभा राहून दोनदा पाय आपटले. हलली नाही. मी त्याच्यासाठी चहा टाकला होता. बाहेर नेईपर्यंत तो हात धूत होता. म्हणाला, एवढंच काम होतं ना?
हो म्हटलं.
शिवणबाई फिरायला निघाल्या होत्या. हात गळ्यात बांधलेला, चाल ताठ. आमच्या फाटकाच्या अलीकडे त्यांनी रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथने चार घरं गेल्या आणि पुन्हा या बाजूला आल्या. मी हात वर केला होता. तो तसाच डोक्यावरून फिरवला.