भिंतीखालची माणसं

बाबा, तुमच्या बंधाऱ्याची फाइल या आठवड्यात माझ्या टेबलावर आली. मुलुंडच्या डोंगराचं पाणी नाल्यात एकदम उतरू नये म्हणून अडवणारी ती बुटकी भिंत, जिची राखण तुम्ही जन्मभर केलीत. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात अशा भिंतींचा धोक्याचा वर्ग ठरतो. तुमच्या भिंतीपुढे आधीच्या कुणीतरी ‘कमी धोका’ लिहून ठेवलंय, खाली वस्तीच नाही म्हणे. वरून काढलेल्या फोटोत झाडं दिसतात, झाडांखालचे पत्रे दिसत नाहीत. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “अगं, भिंत ठणठणीत आहे ना? मागचंच टाक आणि मोकळी हो.” मी चिडलेच. “वर्ग भिंतीच्या तब्येतीवर नसतो गं. ती फुटली तर खाली कोण आहे, यावर असतो.” वर्ग वाढला तर भोंगा बसतो, दरवर्षी तपासणी होते. नाहीतर खालची माणसं देवाच्या भरवशावर. हे मी कॉलेजात शिकले असं सगळ्यांना वाटतं.

खरं शिकले ते तुमच्याकडून. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते, नाकावर माशी बसू द्यायची नाही. दर मे महिन्यात तुम्ही नाल्याकाठच्या खोल्या फिरून वहीत माणसं लिहून घ्यायचात, पाणी वाढलं तर कुणाकुणाला हाक मारायची ते ठाऊक असावं म्हणून. हे काम तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या वर्षी गुडघा सुजला, म्हणून मला पाठवलंत. मी अर्ध्या तासात परत. “बावीस घरं.” आई भाकरी थापतेय, तुम्ही ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघताय. “घरा कसली मोजतंस गो? माणसा मोज. आणि शेवटच्या खोलीच्या माळ्यार कोण रवता, इचारलंस?” मी पाय आपटत पुन्हा गेले. दारोदार विचारून आले, शेवटी म्हटलं, “माळ्यावर दोन.” तुम्ही लिहून घेतलंत.

काल, तुमच्यामागे मी जपलेली तीच वही घेऊन तिथे गेले. आता खोल्यांवर खोल्या चढल्यात. प्रत्येक दारात आधी तोच प्रश्न, “ताई, तोडायला आलात काय?” नाही हो, मोजायला आले, असं सांगून घसा बसला. परत रिक्षापाशी पोचले आणि तो पोटमाळा आठवला. बाहेरून लावलेली लोखंडी शिडी अजून तशीच आहे. वर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तू कुणाची, म्हणाली. बंधाऱ्यावरच्या राखणदाराची, म्हटल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. “तुझो बापूस एकदा लंगडत वर इल्लो. माका म्हणालो, ‘माझा चेडू दोन सांगता, तुमी कितके?’ आमी पाच होतो.”

तुमच्या त्या वर्षीच्या पानावर मग नीट पाहिलं. दोनावर एक रेघ आहे, शेजारी पाच. सुजल्या गुडघ्याने तुम्ही ती शिडी चढलात, याने जीव तुटतो बाबा.

आज ‘जास्त धोका’ लिहिलं, माळ्यावरची माणसं धरून, आणि सही केली. साहेब कुरकुरले, कुरकुरू देत. हे पत्र मात्र वहीतच राहील.

त्या दिवशी मी शिडी चढले नव्हते. खालूनच दोन ठोकून दिले होते. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तरी पुढच्या मे महिन्यात वही माझ्याच हातात दिलीत.