कोरडे तांदूळ

२२ एप्रिल १९५१, रविवार

आलो एकदाचा! विरारला उतरलो, टांगा केला, आगाशीचा बाजार मागं टाकून अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलो, तो दोन्ही अंगांना नुसत्या केळीच केळी. डोक्यावर सावली, पाटातून पाणी चाललेलं, वाऱ्याला समुद्राचा वास. कऱ्हाडकडच्या माणसाला हे म्हणजे फुकटचं महाबळेश्वर. टांगेवाल्यानं आगाशीत सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घ्यायला लावली. काय चीज आहे महाराजा! चौकी येईपर्यंत पुडा खलास.

चौकी म्हणजे एक कौलारू खोली, एक टेबल, आणि क्लेमेंट नावाचा शिपाई. क्लेमेंट इथल्याच ख्रिस्ती आळीतला. अंगानं काटकुळा, बोलायला गोड. मागं पत्र्याच्या छपराची कोठडी आहे. पूर्वी तिथं मिठाची वखार होती म्हणे, भिंतींना अजून मीठ फुटतं. शेजारच्या खोलीत माझं बिऱ्हाड. पावसाळा सरला की मंडळींना घेऊन येईन.

जमादार झाल्यावरची ही माझी पहिली स्वतंत्र चौकी. त्या आनंदात ही वही घेतली. बघू किती दिवस टिकते!

३० एप्रिल, सोमवार

काम बेताचं. कुणी चोरून दारू गाळतो, कुणी रात्रीत दुसऱ्याच्या केळीचा लोंगर उतरवतो. बाकी आराम. जेवणाची तर चैनच चैन. इथले मोठे वाडीवाले हरिभाऊ यांनी पहिल्याच आठवड्यात पानावर बसवलं. त्यांच्या सावित्रीबाईंच्या हातचं खाल्लं की माणूस जागचा उठत नाही. मी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा त्या पदराआड हसल्या. हसोत बापड्या.

हरिभाऊंना जुन्या गोष्टींचा भारी नाद. वसईच्या किल्ल्यात फिरंगी कैद्यांचे कसे हाल करत, पुढं पेशवाईत दिव्य कसं करायला लावत, उकळत्या तेलातून नाणं काढायचं आणि हात भाजला नाही तर माणूस खरा, मग गोऱ्या सायबाचे फटके, असं सगळं रंगवून सांगत होते. मी म्हटलं, ते दिवस गेले, आता आपलं राज्य आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणावर काठी उगारलेली नाही, आणि हे मी छाती ठोकून सांगतो. मग आमच्या आज्याची युक्ती सांगितली. आजा पाटील होता. चोरी झाली की तो संशयितांना चिमूट चिमूट कच्चे तांदूळ चावायला द्यायचा. खऱ्याचे ओले निघतात. चोराच्या तोंडाला भीतीनं कोरड पडते, त्याचे कोरडेच निघतात. मंत्र नाही न् तंत्र नाही, साधी अक्कल.

हरिभाऊ बेहद्द खूश झाले.

५ मे, शनिवार

सावित्रीबाईंची पुतळ्यांची माळ गेली. घरात नुसता कालवा. बाई रडून रडून बेजार, माहेरची माळ ती. घरात येणारी-जाणारी माणसं मोजकीच: दोन गडी, एक भांडेवाली आणि बॅप्टिस्ट. बॅप्टिस्ट हा केळीला पाणी लावणारा, पन्नाशीचा, हरिभाऊंच्या वडिलांपासूनचा माणूस. मागच्या ओटीवर पेज प्यायला बसतो तेवढंच त्याचं घरात येणं.

हरिभाऊंना आज्याची युक्ती आठवली. उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत, चार माणसांसमोर करा म्हणाले. मला काय, मी तयारच.

६ मे, रविवार, दुपार

झालं! जसं सांगितलं तसंच झालं. खळ्यात पन्नास माणसं तरी जमली असतील. गड्यांचे, भांडेवालीचे तांदूळ लगदा होऊन निघाले. बॅप्टिस्ट धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता. आधी चर्चमध्ये मिस्साला जाऊन येतो, मग तांदूळ द्या, म्हणून हात जोडायला लागला. मनात म्हटलं, ही पळवाट मला नवी नाही. घे म्हटलं, आत्ताच घे. त्यानं तांदूळ तोंडात धरले, पण चावेना. डोळे मिटून उभा राहिला. केळीच्या पानावर थुंकायला लावलं, तर तांदूळ गेले तसेच बाहेर! पानावर पडताना वाजले. गावानं ‘शाबास जमादार’ केलं.

कोठडीत घातला. कबूल होईपर्यंत पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. काठी नाही, शिवी नाही.

साडेदहाला क्लेमेंट मिस्साहून आला. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, आम्हांला चर्चमध्ये प्रसाद घ्यायचा असला की मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नाही. बॅप्टिस्ट आज प्रसाद घेणार होता, त्यानं चूळसुद्धा भरली नसेल. तोंड कोरडं असणारच, आणि तांदूळ चावले असते तर उपास मोडला असता.

मनात म्हटलं, असेलही. पण अख्ख्या गावासमोर धरलेला चोर दोन तासांत सोडला, तर उद्या मला कोण विचारील? संध्याकाळी गुपचूप सोडून देईन. तोवर गावाला दिसू दे. क्लेमेंट मधे मधे करायला लागला, म्हणून त्याला टपाल देऊन विरारला पिटाळलं. बॅप्टिस्टची बायको कार्मिन तांब्या घेऊन आली होती, तिलाही परत लावून दिली.

हरिभाऊंकडे आमरसाचं जेवण झालं. चार वाट्या हाणल्या. डोळे मिटायला लागलेत. जरा पडतो.

७ मे, सोमवार

बॅप्टिस्ट गेला. काल दिवस कलताना दार उघडलं तर भिंतीला तोंड लावून पडलेला, ओठांना मीठ.

पत्रा तापला होता, मे महिना, वय झालेलं. डॉक्टर म्हणाले, उष्म्यानं हृदय बंद पडलं. मी झोपलो होतो. त्यानं हाक मारली असेल तर मी ऐकली नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. त्याचं तोंड मिटवायला गेलो तर आत तांदूळ होते. कोरडे. सकाळी सगळे थुंकायला लावले होते, माझ्या डोळ्यांदेखत.

९ मे, बुधवार

माळ सापडली. सावित्रीबाईंनीच ठेवली होती! लग्नाला नालासोपाऱ्याला जाताना चोरांच्या धास्तीनं तांदळाच्या कणगीत खुपसली आणि विसरल्या. आज तांदूळ काढताना मापात आली. बाई ऊर बडवून घेत होत्या, कार्मिनच्या पाया पडायला निघाल्या होत्या. हरिभाऊंनी दार लावून घेतलं. मला म्हणाले, मेलेला माणूस काही परत येत नाही, पण जिवंत माणसांची अब्रू जाईल. तुमची आणि आमची. त्यांचं म्हणणं, माळ केळीच्या बुंध्याशी पुरलेली सापडली असं दाखवायचं. म्हणजे चोर तोच, आणि धसका घेऊन मेला.

मी हो म्हटलं. काय करणार? नोकरी जाईल, कदाचित बेड्यासुद्धा पडतील. मंडळींना काय सांगू?

तिथंच पान दिलं होतं. खूप चघळलं, रंगलं नाही.

११ मे, शुक्रवार

‘मयत इसमाने चोरीची माळ पुरून ठेवली होती’ असा अहवाल लिहिला. लिफाफ्याला जीभ लावली, चिकटेना. तीन लिफाफे घेतले, एकही नाही. शेवटी क्लेमेंटनं खळ आणली. तो माझ्याकडे बघत नाही हल्ली.

जेवणात चव नाही. चव जाऊ दे, घास ओलाच होत नाही. आमटी ओतून कालवलेला भात तोंडात गेला की सुटा होतो. दाणा न् दाणा.

१३ मे, रविवार

सकाळी चूळ भरली. पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं, थुंकलो. तांदूळ पडले.

कोरडे. मोरीत वाजले.

१५ मे, मंगळवार

आगाशीच्या डॉक्टरांना जीभ दाखवली. म्हणाले ठणठणीत आहे, लाळही भरपूर आहे, काळजी सोडा. त्यांना ती ओली दिसते! माझी जीभ टाळूला चिकटून सोलवटते आहे आणि हा माणूस हसतो आहे. वाटेत तीन घरी पाणी मागून प्यालो. पाणी जातं कुठं देव जाणे.

चौकीवर कार्मिन बसली होती. रोज येते. आजही रडली नाही. तिच्या पॉलिनचं जमलेलं लग्न मोडलं, चोराची पोरगी नको म्हणून मुलाकडच्यांनी साखरपुड्याचं लुगडं परत मागवलं. तिला माझ्याकडून पैसा नको, काही नको. चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून माझा नवरा चोर नव्हता एवढं सांग, म्हणाली. मी सरकारी कागदात लिहिलं ते बदलत नाही म्हटलं. बोलता बोलता ठसका लागला, तोंडावर हात धरला.

मुठीत तांदूळ. तिनं पाहिले.

१६ मे, बुधवार

भीती वाटते. लपवून काय उपयोग, भयंकर भीती वाटते. कोठडीकडं जावंसं वाटतं. त्या भिंतीला तोंड लावावंसं वाटतं.

सात तारखेला वर लिहिलंय, ऐकली नाही म्हणून. खोटं आहे ते. ऐकली होती. ‘पानी, जमादार, पानी’ असं तो बराच वेळ म्हणत होता. मी कूस बदलली. आमरस अंगावर आला होता, उठवेना.

हे लिहिलं आणि — अरे देवा — जिभेला ओल आली! खरोखर आली. धावत जाऊन केळं खाल्लं. गोड लागलं. हमसून हमसून रडलो.

म्हणजे हे असं आहे तर. खरं बोललं की सुटका. शनिवारी चौकशीला मोठे साहेब येताहेत. सांगून टाकणार. नोकरी गेली खड्ड्यात.

१९ मे, शनिवार

नाही सांगितलं.

सगळं तोंडाशी आलं होतं, तोंडाला पाणीसुद्धा सुटलं होतं. साहेबांनी विचारलं, माळ कुठं मिळाली? हरिभाऊ समोर. साहेब म्हणाले, हुशार माणूस आहात, वर शिफारस करतो. आणि मी म्हणालो, केळीच्या बुंध्याशी, साहेब. चोर तोच.

त्या क्षणी सगळं सुकलं. घशापर्यंत.

कार्मिन पुढं झाली. पदराच्या गाठीतून तांदूळ काढून टेबलावर ठेवले. म्हणाली, उद्या मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर यायचं, हे तोंडात धरायचे, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं की बॅप्टिस्ट चोर होता. ओले निघाले तर ती गाव सोडून जाईल. साहेब हसले. म्हणाले, करा की जमादार, तुमचंच शास्त्र आहे.

रात्रभर पाणी पितो आहे. घागर संपली. अंथरुणात तांदूळ —

२० मे, रविवार

सकाळ. घंटा झाली.

ठरलं. पायऱ्यांवर सांगणार. तो चोर नव्हता. एवढंच म्हणायचं, तीन शब्द. आरशापुढं म्हणून बघायला तोंड उघडलं —

शब्द येत नाही. तांदूळ येतात. ओंजळीनं काढले, पुन्हा तेवढेच. खरं म्हणायला जातो तरी तेच. काल म्हणायला हवं होतं — काल ओल होती —

मिस्सा सुटली. माणसं बाहेर जमली. कार्मिनचा आवाज. क्लेमेंट दार वाजवतोय.

हात चालतो आहे अजून. लिहितो. बॅप्टिस्ट निर्दोष. माळ कणगीत होती, हरिभाऊंना ठाऊक आहे. उपास होता त्याचा, मला त्याच दिवशी कळलं होतं. पाणी मी दिलं नाही. मी. हाक ऐकली होती.

नाकाशी आले. कागदावर पडताहेत, ओळ दिसत नाही —

क्लेमेंट, दार फोड. ही वही घे. मला सोड, आधी पायऱ्यांवर जा, कार्मिनबाईंना वाचून दाखव, सगळ्यांना — पॉलिनच्या सासरच्यांनाही — मोठ्यानं. मग ये. मग मला पा