मर्लने ट्रक विकला

शुक्रवार, ९ जानेवारी

मर्लने टो-ट्रक विकला. सकाळी त्याच्या बायकोने, जोलीनने फोनवर सांगितलं. घेणाऱ्याने दुपारी दुजोरा दिला. पैसे गावातल्या बेघरांच्या निवाऱ्याला गेले, सगळे. बंद पडलेल्या गाड्या ओढणं हाच त्याचा धंदा. दुसरं काही येत नाही त्याला.

मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात आमच्या बायबल-गटाने श्रीमंत तरुणाची गोष्ट वाचली. येशू त्याला सांगतो – तुझं असेल ते विक, गरिबांना दे, मग माझ्यामागे ये. आमच्या गटात प्रवचन नाही. वाचायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, मग प्रत्येकाने या आठवड्यात काय करणार ते बोलायचं. मी फक्त प्रश्न विचारतो. मर्ल जन्मात कधी चर्चला गेलेला नाही. म्हणाला, ट्रक विकतो.

जन्मभर चर्चमध्ये बसलेली आर्डिस म्हणाली, "अरे, ते तसं नसतं."

आणि मी सवयीने गटाच्या नियमातला प्रश्न तिला टाकला – "हे कुठल्या ओळीत आहे?"

तिने चष्मा लावून शोधलं. सापडलं नाही.

शनिवार, १० जानेवारी

जोलीन आली. कोटही काढला नाही. भाड्याचं काय, तिच्या औषधांचं काय, सगळं विचारून झालं. मर्लला मी समजवावं म्हणते. अजून वेळ आहे – आता तो कामाची हत्यारं विकायला निघालाय. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी कुणाला अर्थ सांगत नाही.

"मग जमता कशाला, वॉल्ट? दालचिनीचे रोल खायला?"

खिमा-राजम्याची चिली गरम केली होती. तिने हात लावला नाही.

रविवार, ११ जानेवारी

चर्चच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, प्रश्न मालमत्तेचा नसून मनातल्या आसक्तीचा आहे. सुंदर बोलले. घरी येऊन तो उतारा पुन्हा वाचला. आसक्ती कुठेच नाही. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या – जे लिहिलेलं नाही ते छापायचं नाही. आता तेच अंगाशी आलंय.

सोमवार, १२ जानेवारी

बर्फ. हायवेवर गाड्या घसरून पडल्यात. ओढायला कुणी नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

मर्ल सगळ्यांच्या आधी आला – चालत. नाक लाल, चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा! त्याला थांबवायचं ठरवून बसलो होतो. पण सुरुवात ठरलेली असते: मागच्या वेळी म्हणालात ते केलंत का?

तो म्हणाला, केलं. आर्डिस बहिणीला फोन करणार होती, राहून गेला.

मग मर्लने विचारलं, "वॉल्ट, तुम्ही काय म्हणाला होतात?"

"विचार करीन म्हणालो होतो."

"मग केलात?"

टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कॉफी ओतायला उठलो. हत्यारांबद्दल एक शब्द बोलू शकलो नाही.

बुधवार, १४ जानेवारी

जोलीनचा फोन. वाटलं, माहेरी निघाली. आवाज अगदी शांत होता.

"पुढच्या मंगळवारी आमच्याकडे जमायचं. घर हातात आहे तोवर. मर्लने गॅरेजवाल्या पोरांना बोलावलंय. तीच गोष्ट पुन्हा वाचायची, आणि प्रश्न मी विचारणार. पहिला तुम्हाला."

येतो म्हटलं. आर्डिसही येणार आहे.