एकविसावं भोक

नेपल्स, १८ मार्च १९५४

तीर्थस्वरूप सबातिनोदादास, धाकट्या अनिएल्लोचा साष्टांग नमस्कार. ब्यूनोस आयर्सची हवा तुला मानवली असेल, वहिनीचा दमा उतरला असेल. इकडे आई ठणठणीत आहे. दुखणं घराला होतं.

मागच्या भिंतीची फट तू गेलास तेव्हा नखाएवढी होती. यंदा तिच्यात आईची जपमाळ पडली, ती परत निघालीच नाही. तपासायला आलेला साहेब म्हणाला, घर पाडा. आई म्हणाली, "मग माझा सबातिनो येऊन दार कुठलं ठोठावणार?" झालं! मी आमच्या कामावरचं यंत्र घरी आणलं. (मी हल्ली भोकं पाडतो. हसू नकोस.) मनगटाएवढं भोक भिंतीतूनच तिरकं खाली जमिनीत न्यायचं, चांगलं चाळीस हात, आत एक सळई, वरून सिमेंटचं पातळ कालवण. अशी तीस मुळं फुटली की घर जागचं हलत नाही.

वीस भोकं मुकाट झाली. एकविसाव्याला आई आडवी आली. खुराड्याशेजारी यंत्र लावायचं नाही, कोंबड्या अंडी देणं सोडतील! यंत्र पलीकडे नेलं, पण तिरकं कुठल्या बाजूला धरायचं ते बदलायला विसरलो. (बारा वर्षं मुकादमी केलेला मी!) भोक सिमेंट प्यायला लागलं. दहा पोती, वीस पोती, भरेचना. आमच्या धंद्यात असं झालं की आनंद मानतात. जमीन पितेय, म्हणजे धरून ठेवील. मी टोपी काढून क्रूसाची खूण केली आणि ओरडलो, "पाजा रे, पाजा!" साठाव्या पोत्याला ते भरलं. उरलेली नऊ बिनतक्रार झाली. भिंत हलली तर कळावं म्हणून फटीवर चिकटवलेली काचपट्टी महिना झाला तरी तडकलेली नाही. घर वाचलं, दादा. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

तुझा,
अनिएल्लो

ता.क. ती साठ पोती आपल्या तळघरात गेली. तुझ्या परतीसाठी बाबांनी वाईनचं छोटं पिंप भरून ठेवलं होतं ना, तो कोपरा छातीपर्यंत सिमेंटने भरलाय. आईला पत्ता नाही. हात जोडतो, डॉक्टरांनी तुझी वाईन बंद केलीय असं तिला कळव.

पुन्हा ता.क. पाकीट आईच्या हाती लागलं, सगळं वाचून दाखवावं लागलं. म्हणाली, "गाढवा, तू भिंतीला भोकं पाडतोयस म्हटल्यावर पिंप मी खाली ठेवीन होय?" दोन महिने झाले, ते तिच्या पलंगाखाली आहे. बाबा गेले तेव्हाही तिने ते उघडू दिलं नव्हतं. डॉक्टरांचं राहू दे. ती सांगते तेवढं लिहितो: "घर आता पडत नाही, माझं कोण सांगणार? तारीख कळव म्हणावं."