आ कर

२ मार्च

आलो एकदाचा! ताईच्या घरातली वरची खोली मला मिळाली आहे. एक खिडकी, एक कॉट आणि एक टेबल. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली दाजींनी पुठ्ठ्याची घडी सारून ठेवली आहे. मनोरुग्णालयाच्या वॉर्डातल्या कॉटांच्या रांगेनंतर ही खोली म्हणजे राजवाडाच. दार आतून बंद करता येतं. मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि दर वेळी हसू आलं.

ताईला सातवा महिना आहे. चहा देता देताच तिने घराचे नियम सांगून टाकले. सिगारेट चालणार नाही, अगदी फाटकाशीसुद्धा नाही, बाळाला धूर नको. आणि क्लोझापिनची, म्हणजे माझ्या मनाच्या आजारावरची, एकही गोळी चुकवायची नाही. गोळी ती स्वतः देणार, मी तिच्यासमोर गिळणार, मग आ करून तोंड दाखवणार, जिभेखाली काही दडवलेलं नाही ना म्हणून. आजारात मी गोळ्या दडवायचो, तेव्हा बिचारीचं चुकतं कुठे? मी मुद्दाम इतका मोठा आ केला की दाजी म्हणाले, पडजीभ दिसली, आता बंद कर. तिघंही हसलो.

वॉर्डात मी दिवसाला पाकीट-दीड पाकीट फुंकायचो. मागच्या अंगणात सगळेच फुंकायचे. डॉक्टरांनी माझ्या गोळीचं माप बसवलं तेही त्या धुरातच. आज शेवटची सिगारेट रस्त्यावर ओढली आणि उरलेलं पाकीट कचऱ्यात फेकलं. मामा व्हायचं म्हटल्यावर एवढं तर करायलाच हवं.

५ मार्च

फोटोफ्रेमच्या दुकानात कामाला लागलो. मालक जाड चष्म्याचे, बोलायला फटकळ, पण शिकवताना हात आखडता घेत नाहीत. काच कापायची तर कटर पट्टीला टेकवून एका दमात ओढायचं. मध्ये थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. मग काच टेबलाच्या कडेवर ठेवून हलकेच दाबायची, की ती रेघेवर दुभंगते. माझी तिसरी काच सरळ निघाली. मालक म्हणाले, हात स्थिर आहे तुझा, महिनाभर बघतो आणि पक्कं करतो.

हात स्थिर! गेल्या वर्षी याच हातांना चमचा धरवत नव्हता. घरी येऊन ताईला हे सांगितलं तर ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मला आता परत वॉर्डात जायचं नाही. काहीही होवो, परत तिथे नाही.

तलफ येते. च्युइंगम चघळून जबडा दुखायला लागला आहे.

९ मार्च

झोप फारच लागते. सकाळी ताईने हाका मारून मारून उठवलं, मी म्हणे मुडद्यासारखा पडलो होतो. या गोळीने झोपेत लाळ गळते, ते जुनंच आहे, म्हणून मी उशीवर टॉवेल घालतो. पण आज टॉवेल, उशी, सदऱ्याची कॉलर, सगळं पिळून काढावं इतकं ओलं होतं. कुणी तांब्या ओतल्यासारखं. दाजींची मस्करी असेल म्हणून विचारलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले.

दुकानात डुलक्या येत होत्या. मालकांनी टेबलावर टकटक करून जागं केलं.

१२ मार्च

महिन्याची रक्ततपासणी झाली. हे औषध कधी कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करतं, म्हणून त्या मोजतात. नर्सने ताप आला का, घसा दुखतो का, विचारलं. दोन्ही नाही. पेशी उत्तम निघाल्या. झोपेचं सांगावंसं वाटलं होतं, पण म्हटलं, उगाच सांगायचो आणि या माझ्यासाठी वॉर्डात कॉट रिकामी करायच्या. सगळं छान आहे म्हणालो. सिगारेटचं कुणी विचारलं नाही. मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

रक्त चांगलं म्हणजे सगळं चांगलं, असं म्हणून ताईने देवाचे आभार मानले.

१४ मार्च

आज दुकानात काच कापताना कुणीतरी माझं कोपर मागून ओढलं.

मागे भिंत आहे.

काच वाकडी फुटली, अंगठा चिरला. मालक ओरडले. चहाच्या वेळी पुन्हा तेच, कप हातातून उडाला. घरी जेवताना खांद्याला हिसका बसला. दाजी बघत होते, मी खाज आल्याचं सोंग केलं.

मी घाबरलो आहे. आजारात माझ्या पाठीमागे एक माणूस उभा राहून बोलायचा, त्याला मी पाहुणा म्हणायचो. पाहुणा परत आला असेल का? पण तो सतत बडबडायचा, शिव्या द्यायचा. हा एक शब्द बोलत नाही. फक्त ओढतो.

१६ मार्च

ताईला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. डॉक्टरांना फोन करू म्हणाली. मी तिचे हात धरले, नको म्हणालो, फोन केला की भरती, भरती झालो की नोकरी गेली. वॉर्डात डॉक्टर एकदा म्हणाले होते की पाहुणा परत आला तर गोळी थोडी वाढवता येईल. तेवढंच घट्ट धरून बसलो. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं, रात्री अर्धी जास्त घ्यायची. दाजींना हे पटलं नाही, पण ताईपुढे त्यांचं काही चाललं नाही.

ताई म्हणाली, आ कर. कुणी हसलं नाही.

१८ मार्च

जिन्यावर पडलो. कुणीतरी गुडघ्यातून पाय काढून घेतो. पोट दगड झालंय, चार दिवस साफ नाही. जीभ जाड. मी बोलतो आणि समोरचा काय, काय विचारतो.

मालकांनी काचेपासून उठवलं. खिळे निवडायला बसवलं. खिळेही —

तो आता दिवसभर ओढतो. हात, मान, एक डोळासुद्धा.

१९ मार्च

रोजच्या वरच्या अर्धीमुळे गोळ्यांचं पाकीट संपत आलं, आज रात्रीपुरत्याच उरल्या. दुपारी औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मला नीट पाहिलं. हात पाहिला, हनुवटीवरची लाळ पाहिली. मग विचारलं, सिगारेट ओढता का? मी अभिमानाने सांगितलं, ओढायचो, इथे आलो तशी सोडली.

त्यांचा चेहराच बदलला.

सावकाश, दोनदा सांगितलं त्यांनी. सिगारेटचा धूर हे औषध शरीरातून भराभर बाहेर काढायला लावतो. धूर थांबला की तेच माप अंगात साचत जातं. सोडणार हे आधी डॉक्टरांना सांगायचं असतं, ते माप कमी करतात. आणि मी उलट वाढवलं होतं. त्या म्हणाल्या, हे झटके, ही झोप, हे औषध चढल्याचं आहे, फिट येऊ शकते. पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायची नाही. मनाने बंदही करून टाकायचं नाही. आता इथेच बसा.

म्हणजे पाहुणा नाही. कुणीच नाही. माझाच हात.

त्या फोनवर कुणाला तरी भरती म्हणाल्या. मी ऐकलं आणि — पळालो. मागून हाका मारत होत्या. मूर्ख मी. मूर्ख.

१९, संध्याकाळ

घराच्या पायरीवर झोपलो होतो. दाजींनी उचलून आणलं —

ताईला म्हणालो, गोळी नको. एवढंच नीट निघालं तोंडातून. बाकी जीभ — धूर म्हणालो, दुकान म्हणालो, बाई म्हणाली म्हणालो —

ताई म्हणाली, कोण बाई रे? आणि रडायला लागली. आजारात मी असाच नको म्हणायचो. कुणीतरी सांगितलंय म्हणायचो. हेच शब्द.

दाजी म्हणतात, उद्या सकाळी नेऊ.

उद्या नको. आत्ता. वॉर्डात न्या. मी येतो. पाया पडतो, आत्ता —

लिहून दाखवतो —

ताई सिगारेट सोडली म्हणून गोळी चढली. आज देऊ नको. डॉक्टरांना फोन. आत्ता

दाखवलं. दिव्याखाली धरून बघितलं तिने. दाजींना म्हणाली, अक्षर बघा, तेव्हाही असंच गिचमिड — वही मिटून दिली मला. मला तर वाचता येतंय. मला सगळं —

हात

ताई आली. पाणी. गोळ्या, वरची अर्धी पण. केसांतून हात फिरवतेय. माझ्या राजा म्हणते. मी बरा व्हावा म्हणूनच तर ती —

मान हलवतो. नाही. नाही

दाजी मागून धर

ताई नको ताई

म्हणते आ