मुक्ताबाईंच्या गाठीतला हर-टू

१२ मे, सोमवार
सर आज पुन्हा तेच! "माधुरी, लाळग्रंथी थिसिसमधून काढून टाक. केसेस कितीशा मिळणार तुला?" स्तन, जठर, गर्भाशय, लाळग्रंथी — चारही ठिकाणच्या कॅन्सरमध्ये हर-टू हे प्रथिन किती दिसतं ते मोजायचंय मला. स्तनाचं जगाने मोजून ठेवलंय. मग मी नवीन काय बघणार? नाही काढणार!

१६ मे
सुईच्या तपासणीला आज माझी पाळी. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या मुक्ताबाई आल्या, सोबत सून निकिता. लाळग्रंथीची गाठ गेल्या वर्षी इथेच काढली होती. आता मानेत दुसरी, लिंबाएवढी. केमोला दाद देत नाही.
"काय टोचायचं ते टोच बाई, पन आवनीच्या आत मोकळी कर. भात लावायचाय."
निकिता बाहेर हळूच म्हणाली, "मॅडम, वॉर्डातले डॉक्टर आता घरी न्या म्हनत्यात. खरं काय हाय?" "बघते," म्हणाले.
सुईत कॅन्सरच निघाला.

१९ मे
जुन्या ऑपरेशनची गाठ मेणात जपलेली असते, मुक्ताबाईंची सापडली. शाबूत! टेक्निशियन पंकज उद्या पातळ काप काढून रंगवणार. हर-टू असेल तिथे तपकिरी दिसेल.

२१ मे
सगळं तपकिरी!! धावत सरांकडे. सरांनी स्लाइड जराशी सरकवली. "शेजारची निरोगी ग्रंथी बघ. तीही तपकिरीच. रंग जास्त बसलाय. तुला जे हवंय ते दिसतंय तुला."
जेवले नाही.

२२ मे
सरांचंच बरोबर. पंकजने कुरकुरत नवे काप काढले.

२३ मे
निरोगी भाग स्वच्छ निळा. आणि गाठीतल्या एकेका पेशीभोवती गडद तपकिरी कड — खुराड्याच्या जाळीसारखी! यावेळी काही न सांगता, नाव झाकून स्लाइड सरांना दिली. त्यांनी ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवून पाहिली. मग —
"थ्री प्लस, सगळ्यात वरची पायरी. स्तनाची ना?"
"लाळग्रंथीची, सर."
सरांनी स्वतःच कॅन्सर वॉर्डला फोन लावला. नेमकं या प्रथिनावर बसणारं औषध आहे, स्तनाच्या पेशंटना देतोच आपण. "अहो, देऊन तर बघू!"


२६ मे
निकिताला फोन. रेंज जात-येत होती. लागू पडेलच असं नाही, हे दोनदा सांगितलं. तिने सासूला ओरडून सांगितलं. मागून आवाज — "मंग उद्याच्या येष्टीनं निघू की!"

२ जून
पहिला डोस. थंडी वाजून ताप आला, उतरला.

१० जुलै
अजून दोन डोस झाले. गाठ तेवढीच वाटतेय. की किंचित मऊ? सर म्हणतात, "घाई नको." गावाकडे आवणी सुरू. मुक्ताबाई बांधावर बसून सगळ्यांवर ओरडतायत म्हणे. बरंय!

२१ ऑगस्ट
निकिताचा फोन. आधी नुसती रडली. घाबरलेच मी. मग —
"मॅडम, सकाळधरनं चाचपतीय. मानंत गाठ हाताला लागतच न्हाई!"