उलटी गिरकी

तीर्थरूप आबा,

"गजी गड्यांनी खेळायची, पोरींनी मेंढरं राखायची," असं तुम्ही बिरोबाच्या जत्रेत म्हणाला होता. मेंढरं राखता राखता मी समोरून बघूनच तुमचा हा गजीचा नाच शिकले.

येत्या रविवारी सोलापूरच्या नाट्यगृहात आम्ही नऊ बायका गजी खेळणार आहोत. दोन नाटकं आणि भरतनाट्यम् यांच्याखाली फलकावर आमचंही नाव लागलंय. काल तुमच्या जोडीला गजी खेळणारे गुंडाकाका तालीम बघायला आले आणि हसतच सुटले.

"म्हाळसे, समदं उलटं हाय की! उजवी गिरकी डावीकडं मारताय."

समोरून शिकले ना, आरशासारखं. आता आम्ही तशीच खेळणार.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमचं 'न्हाय' मला इथूनच ऐकू येतंय. तरी विचारते, रविवारी आमच्यासाठी ढोल तुम्ही वाजवाल का?

तुमचीच,
म्हाळसा